चिंता आणि क्षुधा

परीक्षेच्या दिवशी सकाळी विद्यार्थ्याला घास गिळवत नाही. घरात कोणी अत्यवस्थ असले म्हणजे वाढलेली ताटे तशीच राहतात. तहानभूक हरपणे म्हणतात ते हेच. अशा माणसाला कोणी दुबळ्या मनाचा म्हणतात, कोणी हट्टी. शरीरशास्त्राचा निर्वाळा मात्र निराळा आहे. ही भूक मेंदूच दाबून धरीत असतो.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक नावाचा एक लहानसा भाग आहे. तहान, भूक व शरीराचे तापमान यांचे नियमन तेथून होते. संकटाची जाणीव होताच तेथील चेतापेशी एक रासायनिक दूत धाडतात. तो पियूषिका ग्रंथीस जागृत करतो. ती मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा देते आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात मिसळते. असा दूत असला पाहिजे, हे १९५५ मध्येच प्रयोगांवरून दिसून आले होते. पण तो हाती येण्यास आणखी २६ वर्षे लागली. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत वाइली व्हेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ४,९०,००० मेंढ्यांचे अधश्चेतक वापरून त्यांतून हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात शुद्ध केले आणि १९८१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ४१ ॲमिनो अम्लांची ती एक साखळी, म्हणजेच पेप्टाइड, निघाली. शास्त्रज्ञ तिला 'सीआरएफ' म्हणतात.

रचना कळल्यावर हे द्रव्य प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले. उपाशी उंदरांच्या मेंदूत ते टोचले असता, अन्न समोर असूनही ते थोडेच खात. उंदीर जखडून ठेवला तर त्याची भूक मंदावते. परंतु सीआरएफला अडविणारे द्रव्य मेंदूत आधी दिले, तर ती तितकी मंदावत नाही. १९९५ मध्ये त्याच कुळातील युरोकॉर्टिन सापडले. भूक दाबण्यात ते सीआरएफहूनही प्रबळ ठरले. या पेप्टाइडांमुळे जठरातील अन्न पुढे सरकण्याची गतीही मंदावते.

जिवावर बेतले असता चरत बसणारा प्राणी वाचणार नाही. म्हणून ही योजना हिताचीच म्हटली पाहिजे. कॉर्टिसॉलचे कार्य याच्या उलट असून ते पुढे भूक वाढविते. त्यामुळे दीर्घकाळच्या ताणात कोणाचे अन्न तुटते, तर कोणी अधिक खाऊ लागतो. मग सीआरएफपासून स्थूलतेवर औषध का करू नये, असे वाचकांस वाटेल. अडचण अशी की, हाच दूत मेंदूत भय व अस्वस्थताही जागवितो.

तेव्हा शोकाकुल माणसाने ताट दूर सारले, तर त्यास बोल लावू नये. थोडे, पचण्यास हलके अन्न पुन्हा पुन्हा पुढे ठेवावे. मात्र भूक अनेक दिवस परतली नाही व वजन घटू लागले, तर डॉक्टरांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये. कारण क्षणभराच्या संकटासाठी असलेली ही आज्ञा दीर्घकाळ चालू राहिली, तर ती शरीरालाच पोखरू लागते.