जुनाट दुखणें आणि निर्वाहाचें साहाय्य

आषाढांतील पहिला मोठा पाऊस झाला म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या धानाच्या मुलखांत रोवणीची घाई उडते. बांधींत गुडघाभर चिखल, वर गार पाणी, पाठीवर पावसाची झोड आणि सकाळपासून सांजेपर्यंत कमरेंत वांकून पऱ्हे लावणें. या कामानें निरोगी माणूसहि आठ दिवसांत शिणून जातो. परंतु याच मुलखांत असे कांहीं तरुण स्त्रीपुरुष आहेत कीं, रोवणीचा तिसरा दिवस त्यांना बहुधा खाटेवर काढावा लागतो. सांध्यांत, पाठींत, छातींत अशा कळा उठतात कीं धट्टाकट्टा गडी ओरडूं लागतो. पुढें चार-सहा दिवसांनीं कळ ओसरते, तोच गडी पारावर बसलेला दिसतो आणि गांव म्हणतें, "याला काय झालें आहे? कामाचा कंटाळा, दुसरें काय!" असें म्हणणाऱ्यांत प्रस्तुत लेखकहि एके काळीं होता, हें येथेंच कबूल केलेलें बरें.

हा कंटाळा नसून सिकलसेल नांवाचा रक्ताचा विकार आहे. आई व बाप या दोघांकडूनहि सदोष बीज आलें म्हणजे रक्तांतील तांबड्या पेशी, ज्या एरवीं वाटोळ्या व लवचिक असतात, त्या प्राणवायु कमी पडतांच विळ्यासारख्या वांकड्या व ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. एकाकडूनच दोष आला तर माणूस केवळ वाहक होतो. त्यास सहसा त्रास होत नाहीं आणि साहाय्यावर त्याचा हक्कहि नाहीं. थंडी, अतिश्रम, ताप आणि अंगांतील पाणी कमी होणें हीं कळ उठण्याचीं मुख्य कारणें होत. म्हणजे रोवणीचा चिखल आणि उन्हाळ्यांतील तेंदूपानांची तोडणी, चार पैसे मिळण्याचे हेच दोन हंगाम या रोग्यास नेमके बाधतात! हायड्रॉक्सियुरिया नांवाचें औषध वैद्याच्या देखरेखीखालीं नियमानें घेतल्यास कळांचे फेरे पुष्कळ कमी होतात. सन २०२३ च्या १ जुलैस मध्य प्रदेशांतील शहडोल येथून केंद्र सरकारनें या रोगाविरुद्ध देशव्यापी मोहीमहि आरंभिली. तथापि औषधानें कळ थांबली तरी बुडालेली मजुरी परत येत नाहीं.

कारखान्यांतील विमेदार कामगार आजारी पडला तर १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेल्या राज्य विम्यांतून त्यास मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षांत ९१ दिवसांपर्यंत मिळत आली आहे. शेतमजुरास आणि दोन एकरांच्या धन्यास असा विमा नाहीं. आपल्या राज्यांत त्यांच्यासाठीं जें आहे तें म्हणजे सन १९८० पासून चालत आलेली संजय गांधी निराधार अनुदान योजना. या योजनेंत दुखणाइतास दोन दारांनीं प्रवेश मिळतो, आणि कोणतें दार ठोठवावें हें न कळल्यामुळें कित्येक अर्ज फुकट जातात.

पहिलें दार दुर्धर रोगाचें. क्षय, कर्करोग, पक्षाघात, कुष्ठ, एड्स यांसारख्या रोगामुळें ज्यास स्वतःचा चरितार्थ चालवितां येत नाहीं, अशा १८ ते ६५ वर्षांच्या स्त्रीपुरुषांस तें खुलें आहे. मात्र कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आंत असावें लागतें. (आजच्या महागाईंत ही मर्यादा हास्यास्पद आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.) दुसरें दार दिव्यांगत्वाचें. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, तसेंच कंपवात हेहि येतात, ही गोष्ट खेड्यांत फारच थोड्यांस ठाऊक आहे. दिव्यांग म्हणजे आंधळा किंवा लंगडा अशीच समजूत अद्याप आहे. शासकीय रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असल्यास उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये होते. रक्कमहि अधिक मिळते. इतरांस सन २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये ठरले, तर दिव्यांगांस ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा हृदयरोग्यास मात्र त्या २१ प्रकारांत स्थान नाहीं. त्यास पहिल्याच दारीं उभें राहावें लागतें.

आमच्या बांधास बांध लागून असलेल्या एका अल्पभूधारकाचा मुलगा हें प्रमाणपत्र आणावयास गेला, तो दिवस दुर्दैवानें त्याच्या बऱ्या दिवसांपैकीं होता. तपासणाऱ्यानें हातपाय हलवून पाहिले, "धडधाकट तर दिसतोस," म्हटलें, आणि कागदावर चाळिसाच्या आंतला आंकडा पडला. मुलानें घरीं येऊन कागद आढ्याला खोंचून ठेवला. जें दुखणें येतें आणि जातें त्याची अडचण हीच आहे. तुटलेला हात कोणत्याहि दिवशीं तुटलेलाच दिसतो. कळ मात्र तारखेच्या दिवशीं हजर होत नाहीं.

उपाय सांपडला तो त्याच्या आईच्या हिशेबांत. ती माउली दुधाचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेवर मांडीत असे. मुलगा पडून असला म्हणजे दूध तिला स्वतःला पोंचवावें लागे, म्हणून त्या तारखेवर ती फुली काढी. आम्ही वर्षाच्या फुल्या मोजल्या; त्या ७१ भरल्या. त्यांतील तीन वेळां तो रुग्णालयांत होता. तेथून सुटतांना मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकीं एक सांपडली, दोहोंच्या नकला रुग्णालयाच्या दप्तरांतून मागून घेतल्या. रक्त चढविल्याची नोंदहि निघाली. माझ्या हजेरीवहींतील त्याच्या खाड्यांचे दिवस मीं लिहून व सही करून दिले. ते लिहितांना, ज्या आठवड्यांत मी त्याला कामचुकार म्हणून बोललों होतों तो आठवडा त्या फुल्यांत आढळला. मीं तें त्याला सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं.

दिव्यांगत्वाच्या निर्णयावर अपील करण्याचा हक्क त्याच कायद्याच्या ५९ व्या कलमांत आहे. त्याप्रमाणें अर्ज केला, फेरतपासणी झाली, आणि या खेपेस फुल्यांची यादी व रुग्णालयाचे कागद पुढें असल्यामुळें आंकडा चाळिसाच्या वर गेला.

पुढचा अडथळा उत्पन्नाच्या दाखल्याचा, आणि तो विशेषतः आम्हां जमीनवाल्यांस नडतो. सातबारा आजाच्या नांवाचा, खाणारीं चार बिऱ्हाडें. असा सामायिक उतारा पाहून सर्व जमिनीचें उत्पन्न एकाच्याच माथीं धरलें जाण्याचा संभव असतो. म्हणून वहिवाटीप्रमाणें आपल्या वांट्यास किती येतें, तें तलाठ्याच्या चौकशीच्या वेळींच लेखी दाखवावें. मागाहून तक्रार करीत बसूं नये. वयाचा पुरावा, राज्यांत किमान १५ वर्षें राहिल्याचा दाखला आणि आधारशीं जोडलेलें बँकेचें खातें हीं तयार ठेवावींत. अर्ज तहसील कचेरींत दिल्यावर तारखेची पोंच घेतल्याखेरीज तेथून हलूं नये. मंजुरी तालुक्याच्या समितीकडून मिळते.

त्या मुलाचा पहिला हप्ता पोळ्यानंतर जमा झाला. आतां तो रोवणीस जात नाहीं. मळणीच्या वेळीं पोतीं मोजून लिहून घेण्याचें काम माझ्याकडे करतो, तेंहि अंगाला बरें वाटेल त्या दिवशीं. हयातीचा दाखला दरवर्षीं द्यावा लागतो, न दिल्यास रक्कम थांबते. त्याची आठवण आईनें नव्या दिनदर्शिकेवर आधींच लिहून ठेवली आहे.