फटफटीचा कार्ब्युरेटर

धुळे जिल्ह्यांतील नरडाणा हें गांव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. तेथून शेतावर, बाजाराला किंवा कारखान्यांत कामाला जाणाऱ्या पुष्कळांचें वाहन म्हणजे एखादी जुनी फटफटी. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या धुराच्या नव्या नियमांमुळें बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागीं इंधन फवारणारी विद्युत्-नियंत्रित योजना आली. तथापि जुन्या गाड्या अद्याप धांवत आहेत. एखाद्या सकाळीं अशी गाडी चालू झाली नाहीं, तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि घाईघाईनें कार्ब्युरेटर खोलला जातो. परंतु श्रोतेहो, रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, हा नियम येथेंही लागू आहे.

कार्ब्युरेटरचें काम तसें साधें. एंजिन हवा ओढून घेतें. ती अरुंद गळ्यांतून जातांना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. त्यामुळें खालच्या वाटींतील पेट्रोल जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून वर चढतें व हवेंत मिसळतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा, हें प्रमाण साधलें कीं ज्वलन नीट होतें. वाटींतील पेट्रोलची पातळी फ्लोट व त्याची सुई राखतात.

आतां लक्षणें पाहूं. गाडी वेगांत चालते, पण उभी असतां बंद पडते, तर बहुधा पायलट जेट तुंबलेला असतो. मूठ पूर्ण पिळूनही जोर येत नसेल, तर मुख्य जेटकडे पाहावें. पेट्रोल बाहेर गळत असेल, तर सुईखालीं कचरा अडकला असावा. प्लग काळा काजळलेला निघाला, तर पेट्रोल अधिक जात आहे. पांढरट निघाला, तर हवा अधिक. मात्र धुळीनें भरलेला एअर फिल्टरही प्लग काळा करतो. म्हणून प्रथम तो साफ करावा.

पुढील कामापूर्वीं एंजिन थंड असावें, जागा मोकळी असावी, व जवळ चूल, दिवा अथवा विडी नसावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती जमिनीलगत पसरून दूरच्या ठिणगीनेंही पेटते. पेट्रोलमध्यें हल्लीं मिसळलेलें इथेनॉल ओलावा शोषतें, व पाणी फार झालें कीं त्यासह वेगळें होऊन तळाशीं बसतें. म्हणून पावसाळ्यांत बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल करून जुनें पेट्रोल भांड्यांत काढावें. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें.

न भागल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी उतरावी, जेट काढावेत व सायकलच्या पंपानें फुंकून स्वच्छ करावेत. त्यांत तार घालूं नये. जेट पितळेचा असतो, आणि पायलट जेटचें छिद्र बहुधा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. तें किंचित् रुंदावलें तरी पेट्रोल कायमचें अधिक जाऊं लागतें. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वीं तो किती फेऱ्यांनीं पूर्ण आंत बसतो, तें मोजून लिहून ठेवावें.

इतकें करूनही गाडी चालली नाहीं, तर मिस्त्रीकडे जाण्यांत कमीपणा नाहीं. आपण काय पाहिलें व काय केलें, हें त्याला नेमकें सांगतां आलें, म्हणजे त्याचा वेळ वांचतो आणि आपला पैसाही.