मालवाहू पिकअपचे नवे टायर : मापाचा विचार

बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडी धांव चढविणारा लोहार आधीं चाकाचा घेर मोजून घेई, मग धांव त्याहून किंचित् लहान करी, ती तापवून चढवी आणि वरून पाणी ओती. निवतांना धांव आंवळत असे व सारें चाक एकजीव होई. घेर चुकला तर धांव सैल पडे, किंवा आरे तडकत. आज लोखंडाच्या धांवेची जागा रबराच्या टायरानें घेतली आहे. परंतु चाकाचें माप चाकाला विचारूनच घ्यावें, हा लोहाराचा नियम मात्र बदललेला नाहीं. मालाची ने-आण करणाऱ्या पिकअप मोटारीचे टायर झिजले म्हणजे तिच्या मालकापुढें दोन मोह उभे राहतात. एक, थोडे मोठे टायर घेऊन गाडीला रुबाब आणण्याचा. आणि दुसरा, माप तेंच दिसतें म्हणून स्वस्त टायर उचलण्याचा. हे दोन्ही मोह कोठें नेतात, हें समजण्यास टायराच्या कडेवर छापलेले आंकडे वाचतां आले पाहिजेत.

प्रथम एक मूलतत्त्व ध्यानांत ठेवावें. गाडीचा भार टायराचें रबर तोलीत नाहीं. तो तोलते ती आंत कोंडलेली हवा. हवेच्या टायराची कल्पना स्कॉटलंडचे रॉबर्ट विल्यम टॉम्सन यांनीं १८४५ सालीं एकस्व घेऊन मांडली, आणि बेलफास्ट येथें पशुवैद्यकी करणारे जॉन बॉइड डनलॉप यांनीं १८८८ सालीं ती पुन्हां स्वतंत्रपणें शोधून प्रचारांत आणली. तेव्हांपासून आजतागायत रबर, दोर आणि पोलादी तारा यांचें काम एवढेंच, कीं त्या हवेला विवक्षित आकारांत व विवक्षित दाबाखालीं धरून ठेवावें. म्हणून टायर निवडणें याचा अर्थ हवेचें पात्र निवडणें असा होतो. पात्र केवढें आणि तें किती दाब सोसणार, हे त्यांतले दोन प्रश्न होत. पहिल्याचें उत्तर मापांत असतें, दुसऱ्याचें भारांकांत.

आतां माप कसें वाचावें तें पाहूं जातां, पिकअपला बसणारें एक प्रचलित माप उदाहरणादाखल घेणें सोयीचें होईल : २१५/७५ आर १५. यांतील २१५ ही टायराची रुंदी, मिलिमीटरमध्यें. तिरप्या रेघेपुढील ७५ ही उंची नव्हे, तर टक्केवारी आहे. म्हणजे टायराच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा ७५ आहे. ‘आर’ हें अक्षर टायर त्रिज्यानुसारी, म्हणजे रेडियल, असल्याचें सांगतें; या रचनेचें एकस्व फ्रान्समधील मिशेलिन कारखान्यानें १९४६ सालीं घेतलें. शेवटचे १५ म्हणजे ज्या रिमवर टायर बसावयाचा तिचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. रुंदी मिलिमीटरांत, उंची टक्क्यांत आणि व्यास इंचांत, अशी ही त्रिवेणी प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटते; पण हिशेब सोपा आहे.

२१५ चे शेंकडा ७५ म्हणजे १६१.२५ मिलिमीटर, ही एका बाजूच्या भिंतीची उंची. वर एक आणि खालीं एक अशा दोन भिंती धरल्या म्हणजे ३२२.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. दोहोंची बेरीज ७०३.५ मिलिमीटर हा चाकाचा एकूण व्यास झाला. यावरून परीघ सुमारें २२१० मिलिमीटर येतो, म्हणजेच एक किलोमीटर जातांना चाक सुमारें ४५२ वेळां फिरतें. हा शेवटचा आंकडा फार महत्त्वाचा आहे. कारण गाडीचा वेगदर्शक कांटा आणि अंतरमापक हे रस्ता मोजीत नाहींत, ते फेरे मोजतात.

आतां मालकानें २१५ ऐवजीं २३५/७५ आर १५ हा टायर पसंत केला असें धरूं. रिम तीच आहे, टक्केवारी तीच आहे, बदलली ती केवळ रुंदी, असा समज सहज होतो. परंतु टक्केवारी रुंदीचीच असल्यामुळें रुंदी वाढतांच उंचीहि वाढते. नवा व्यास ७३३.५ मिलिमीटर होतो. म्हणजे वाढ शेंकडा सव्वाचाराहून किंचित् अधिक. कांटा ताशीं ६० किलोमीटर दाखवील तेव्हां गाडी प्रत्यक्षांत सुमारें साडेबासष्टाच्या वेगानें धांवत असेल, आणि अंतरमापकावर १०,००० किलोमीटर उमटतील तेव्हां गाडी सुमारें १०,४०० किलोमीटर चाललेली असेल. वेगदर्शकानें प्रत्यक्षाहून कमी वेग दाखवितां कामा नये, असें संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक ३९ व्या नियमाचें सांगणें आहे. येथें तर मालकानें स्वतःच तो दोष विकत घेतलेला असतो.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाहीं. चाक मोठें झालें म्हणजे तरफेचा हात लांबला. इंजिनाची पीळ तीच राहिली, तरी चाक जमिनीला ज्या जोरानें मागें लोटतें तो जोर सुमारें चार टक्क्यांनीं घटतो. भरलेली गाडी घाट चढूं लागली म्हणजे हें ताबडतोब जाणवतें. ब्रेकांचीहि तीच कथा : ब्रेक चाकाला पूर्वींइतक्याच जोरानें पकडतात, पण जमिनीशीं मिळणारा रोध कमी होतो, आणि शिवाय थांबवावयाचें चाक पूर्वींहून जड असतें. चढावर गाडी रडते हें कानांना कळतें. उतारावर ती उशिरा थांबते हें मात्र ऐन वेळींच कळतें. त्याखेरीज आंस १५ मिलिमीटर उंच होतो आणि तेवढाच टायर वरच्या बाजूला चिखलरोधकाजवळ सरकतो. रिकामी गाडी दुकानाच्या दारांत उभी असतां ही फट पुरेशी दिसेल; परंतु माल भरून पाटे दबले आणि वळणावर चाक पुरतें वळविलें, म्हणजे रबर पत्र्याला घांसूं लागण्याचा संभव असतो.

लहान टायराचे दोष याच्या उलट आहेत. २०५/६५ आर १५ घेतल्यास व्यास ६४७.५ मिलिमीटर, म्हणजे आठ टक्क्यांनीं कमी, होतो. गाडीचें पोट जमिनीजवळ २८ मिलिमीटर येतें, तेंच अंतर तोडण्यास इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात, आणि मुख्य म्हणजे हवेचें पात्रच लहान झाल्यानें भार तोलण्याची शक्ति घटते. यासाठीं मूळ व्यासापासून तीन टक्क्यांपलीकडे जाऊं नये, असा व्यवहारांतला दंडक आहे. ज्याला रिमच बदलून सोळा इंची घ्यावयाची असेल त्यानें टक्केवारी कमी करून मेळ घालावा. २१५/७० आर १६ या मापाचा व्यास ७०७.४ मिलिमीटर येतो. मूळ मापाशीं फरक अर्ध्या टक्क्याचा. मात्र प्रत्येक टायराला रिमची किती रुंदी चालते हें उत्पादकाच्या तक्त्यांत दिलेलें असतें. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबल्यास त्याचें पोट फुगतें व तो मध्यभागीं लवकर झिजतो.

आतां दुसरा मोह. आणि तो पहिल्याहून अधिक घातक आहे. माप तंतोतंत जुळलें म्हणजे टायर जुळला, असें नव्हे. मापानंतर एक आंकडा व एक अक्षर छापलेलें असतें, उदाहरणार्थ ‘१०० एस’. यांतील आंकडा हा भारांक होय. तो किलोग्रॅम नव्हे, तर एका ठराविक कोष्टकांतील क्रमांक आहे. त्या कोष्टकाप्रमाणें ९७ म्हणजे ७३० किलोग्रॅम, १०० म्हणजे ८००, १०६ म्हणजे ९५०, आणि ११२ म्हणजे ११२०. जेथें ‘१०६/१०३’ असे दोन आंकडे दिसतात तेथें पहिला आंकडा आंसाच्या प्रत्येक बाजूस एकच चाक असतांनाचा आणि दुसरा जोडचाकें असतांनाचा समजावा. अक्षर वेगाची मर्यादा दाखवितें. ‘क्यू’ म्हणजे ताशीं १६० किलोमीटर, ‘आर’ म्हणजे १७०, ‘एस’ म्हणजे १८०.

२१५/७५ आर १५ या एकाच मापांत प्रवासी मोटारीसाठीं १०० भारांकाचा टायर मिळतो, आणि हलक्या मालमोटारीसाठीं, ‘एल्टी’ या अक्षरांचा, १०६ भारांकाचाहि मिळतो. दोन्ही त्याच रिमवर बसतील, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्यांत फारसा भेद दिसणार नाहीं. आतां समजा, गाडीच्या मागच्या आंसावर भरल्यावेळीं १९०० किलोग्रॅम भार येतो. मालमोटारीचे दोन टायर मिळून नेमका तेवढाच भार तोलतात. प्रवासी टायरांची जोडी तोलील १६००. पण अमेरिकेंत, जेथें पिकअप ही घराघरांतली गाडी आहे, असा नियम आहे कीं प्रवासी टायर मालमोटारीला लावल्यास त्याची शक्ति १.१० नें भागून धरावी. कारण मालमोटारीचें काम अधिक खडतर. त्या हिशेबानें जोडीची शक्ति सुमारें १४५४ किलोग्रॅमच उरते, आणि गाडी साडेचार क्विंटलांनीं अतिभारित ठरते; मालकानें नेहमींपेक्षां एक टोपलीहि अधिक भरलेली नसतांना!

अशा टायराचें काय होतें? भाराखालीं त्याची भिंत प्रत्येक फेऱ्याला प्रमाणाबाहेर वांकते व सरळ होते. तार वारंवार वांकविली म्हणजे जशी तापते तसें रबर तापतें. तापल्यानें थरांना धरून ठेवणारी चिकटण सैल होते, आणि वैशाखांतील डांबरी रस्त्यावर, बहुधा वेग अधिक असतांनाच, थर सुटून टायर फुटतो. त्यावेळीं पुढें चालक, शेजारीं बहुतेक त्याच्या घरचेंच कोणी आणि मागें भरलेला माल असतो. टायरामागें वांचविलेल्या कांहीं रुपयांची किंमत तेथें मोजली जाते.

भारांक खरा ठरतो तोहि पूर्ण दाबाची हवा असेल तरच. १०६ भारांकाच्या वरील टायराचा दाब चौरस इंचास ६५ पौंड आहे. प्रवासी मोटारीच्या सवयीनें त्यांत तीस-पस्तीस पौंड हवा भरल्यास मजबूत टायर घेऊनहि तो दुबळा वापरल्यासारखें होतें. दाब सकाळीं, टायर थंड असतांना मोजावा. रिमनें किती दाब सोसावा यालाहि मर्यादा असते, म्हणून मोठ्या दाबाचा टायर घेतांना ती तपासून घ्यावी.

मापाइतकेंच महत्त्व मेळालाहि आहे. एका आंसावरील दोन टायर माप, रचना आणि झीज यांत सारखे असावेत. नाहींतर उजवें व डावें चाक भिन्न फेरे घेतात आणि मधली दांतेरी यंत्रणा सरळ रस्त्यावरहि वळणावर असल्याप्रमाणें अखंड राबते. चारी चाकांना गति देणाऱ्या गाडींत तर पुढचे व मागचे टायरहि समान व्यासाचे हवेत. तसे नसल्यास दोन्ही आंसांमधील दांड्यांना पीळ बसतो. जादा चाक त्याच मापाचें असावें, हें सांगणें नलगे.

तेव्हां टायर घेण्यास निघालेल्या मालकानें झिजल्या टायराचें माप उतरून घेऊं नये. मागील मालकानें तेंच चुकविलेलें असूं शकतें. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टी किंवा गाडीबरोबर आलेली पुस्तिका पाहून माप, भारांक, वेगाक्षर आणि हवेचा दाब या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्या. भारांक व वेगाक्षर मूळच्याहून वरचें चालेल, खालचें कदापि नको. टायरावर आय्एस्आय् चिन्ह आहे कीं नाहीं तें पाहावें. कडेवरील शेवटचे चार आंकडे जन्मपत्रिकेसारखे असतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, फार दिवस पडून राहिलेला टायर नवा दिसला तरी रबर म्हातारें झालेलें असतें. आणि टायर केव्हां बदलावा याविषयीं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं १.६ मिलिमीटर ही खांचेच्या खोलीची किमान मर्यादा घातली आहे; खांचेच्या तळाशीं असलेले लहान उंचवटे पृष्ठभागाशीं समपातळींत आले म्हणजे ती मर्यादा गांठली असें समजावें.

हें सारें करण्यास एक पेन्सिल, एक कागद आणि पाव घटकेचा अवधि पुरेसा आहे. गाडीचा जमिनीशीं संबंध येतो तो तळहाताएवढ्या चार जागांपुरता. त्या चार जागा नीट निवडल्या, म्हणजे वरचें सारें यंत्र आपलें काम बिनबोभाट करतें.