वैमानिकाची सिगारेट

विमानात धूम्रपानास बंदी का, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण 'आग लागेल म्हणून' असे उत्तर देतील. उत्तर बरोबरच आहे. ११ जुलै १९७३ रोजी रिओहून निघालेले व्हारिग कंपनीचे बोइंग ७०७ विमान पॅरिसच्या ऑर्ली विमानतळाच्या अलीकडेच शेतात उतरवावे लागले. मागच्या शौचालयात आग लागली होती. कचऱ्याच्या डब्यात टाकलेले जळते थोटूक हे तिचे संभाव्य कारण मानले जाते. १३४ पैकी १२३ माणसे गेली. कॉकपिटमध्ये इतका धूर दाटला की वैमानिकांना समोरची यंत्रे दिसेनात. बंदी असूनही विमानाच्या शौचालयाला आज राखदाणी असते ती यासाठीच; कोणी चोरून ओढलीच तर थोटूक निदान डब्यात जाऊ नये.

पण ही झाली प्रवाशाची सिगारेट. वैमानिकाच्या सिगारेटचा प्रश्न निराळा आहे, आणि तो समजून घेण्यास आपले नागपूरच सोयीचे.

जानेवारी १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानसेवेचे नागपूर हे केंद्र होते. दळणवळण मंत्री रफी अहमद किडवाई यांच्या आग्रहाने ती निघाली, जे. आर. डी. टाटा यांना मात्र ती पसंत नव्हती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. सुरुवातीची विमाने डाकोटा जातीची. त्यांत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. बाहेर हवा जेवढी विरळ, तेवढीच वैमानिकाच्या नाकात!

अंधारात पाहण्याचे काम डोळ्यांतील ज्या पेशी करतात, त्यांना प्राणवायू फार लागतो. सुमारे पाच हजार फुटांच्या वर त्याचा तुटवडा रात्रीच्या दृष्टीला जाणवू लागतो. त्यात सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. एस. टी.त रुमाल टाकून जागा धरावी तसा तो बसतो आणि प्राणवायू उभाच राहतो. लागोपाठ तीन सिगारेटी ओढणाऱ्याची रात्रीची दृष्टी जमिनीवरही सात-आठ हजार फुटांवरच्या माणसासारखी मंदावते, असे विमानवैद्यकात शिकवत आले आहेत. मग तो मुळातच आठ हजार फुटांवर असेल तर? आणि गंमत अशी की त्याला स्वतःला हे कळत नाही. उलट तरतरी आल्यासारखे वाटते.

माझे वडील ट्रक चालवतात. रायपूरच्या रस्त्याला रात्री झोप येऊ नये म्हणून विडी ओढतात. मी हे सारे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "विडी नसली तं डुलकी लागते, मंग काय करू?" हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही, कारण तो अमेरिकन सरकारलाही पडला होता. तेथे १९८८ साली दोन तासांच्या आतील आणि १९९० साली जवळजवळ सर्व देशांतर्गत उड्डाणांत प्रवाशांना बंदी झाली. कॉकपिट मात्र वगळले. सवयीच्या माणसाची सिगारेट एकदम तोडली की तो बेचैन होतो, चिडतो, त्याचे लक्ष उडते. ते नेमके विमान उतरवताना झाले तर, ही भीती. २००० साली कॉकपिटही बंदीत आले. माझ्या मते भीती खरी होती, उपाय खोटा होता. सवय सोडवायची ती जमिनीवर, आणि त्यासाठी मालकाने माणसाला झोपही पुरेशी द्यायला हवी.

बंदीने सारे संपले असेही नाही. १२ मार्च २०१८ रोजी काठमांडूला यू. एस.-बांगला कंपनीचे विमान कोसळून ५१ जण दगावले. कप्तान उड्डाणात सिगारेट ओढत होता, असे चौकशी अहवालात आहे. अपघाताचे कारण सिगारेट नव्हे, तर त्याचे ढासळलेले मन व हरपलेले दिशाभान. तरी नियम मोडून पेटवलेली ती सिगारेट मनाची अवस्था सांगतेच. त्याच वर्षी जुलैत हाँगकाँगहून दालियनला जाणाऱ्या एअर चायनाच्या विमानात सहवैमानिक ई-सिगारेट ओढत होता. धूर प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून तो पंखा बंद करायला गेला आणि चुकून हवेचा पुरवठाच बंद केला. प्रवाशांपुढे प्राणवायूचे मुखवटे लोंबू लागले, विमान घाईने हजारो फूट खाली आणावे लागले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.