जाहिरातीआधी ग्राहकाची अडचण ओळखा

रमजान जवळ आला की पुण्यात कॅम्प, मोमिनपुरा, रविवार पेठ या भागांत दुकानांचे फलक झळकू लागतात, हस्तपत्रके वाटली जातात. बहुतेकांचा मजकूर एकच असतो : भव्य सेल, प्रचंड सूट, अवश्य भेट द्या. यात दुकानदार स्वतःबद्दलच बोलत असतो. अशा जाहिरातीवरचा बराच पैसा वाया जातो, असे आम्हाला वाटते.

'हमदर्द' म्हणजे दुसऱ्याच्या वेदनेत सहभागी होणारा. हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ मध्ये दिल्लीत दवाखाना काढला तेव्हा त्याला हेच नाव दिले आणि पुढे ते घरोघरी पोहोचले. व्यापारातील हमदर्दी म्हणजे ग्राहकाच्या जागी उभे राहून त्याची काळजी समजून घेणे. जाहिरातीची सुरुवात तेथून व्हावी.

पुण्याजवळचेच उदाहरण घेऊ. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक स्कूटर आणली. तिच्यासाठी लोक नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबत. ऐंशीच्या दशकात जपानी तंत्रज्ञानाच्या दुचाकी आल्या आणि बजाज जुनी वाटू लागली. तेव्हा १९८९ मध्ये अलेक पदमसी प्रमुख असलेल्या लिंटास संस्थेने 'हमारा बजाज' ही जाहिरात केली. तिच्यात इंजिनाची आणि वेगाची बढाई नव्हती. आपली स्कूटर जपणारी सामान्य माणसे होती. अनेक मध्यमवर्गीय घरांतील ती पहिलीच गाडी, काटकसरीने घेतलेली. त्या घरांचा अभिमान जाहिरातीने ओळखला.

सर्फची 'ललिताजी'ही याच संस्थेची. निरमा स्वस्त असताना महाग पावडर घेणे उधळपट्टी तर नाही ना, ही गृहिणीची शंका तिने दूर केली. हे पात्र आपल्या आईवरून सुचले, असे पदमसी सांगत.

मात्र ग्राहकाला एकदा ओळखले म्हणजे काम संपत नाही. पुढे लोकांना कमी पेट्रोलमध्ये जास्त धावणारी मोटारसायकल हवी झाली. जाहिरातीचे गाणे ओठांवर राहिले, पण खरेदी बदलली. कंपनीही मोटारसायकलींकडे वळली आणि २००९ मध्ये तिने स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. चेतक हे नाव परत आले ते २०२० मध्ये, विजेवर चालणाऱ्या गाडीवर.

लहान व्यावसायिकाला यासाठी मोठी संस्था नेमावी लागत नाही. आठवडाभर गल्ल्यावर बसून ग्राहक काय विचारतात, कशावरून परत जातात, ते वहीत लिहावे. शिंप्याकडे येणाऱ्याला ईदला कपडे मिळतील की नाही, ही धास्ती असते. 'ईदच्या चार दिवस आधी कपडे हातात' एवढी एकच ओळ त्याच्यासाठी सवलतीहून मोलाची आहे.

अर्थात, तो वायदा पाळता आला पाहिजे. ग्राहकाची धास्ती ओळखून तिचा गैरफायदा घेणे ही फसवणूक होय. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे, असे बजावले. आपल्या जाहिरातीलाही हीच कसोटी लावावी.