हजार वॅटचा एसएमपीएस म्हणजे हजार वॅटचं बिल नव्हे

छत्रपती संभाजीनगरात दोन ग्राफिक्स कार्डांचा संगणक जुळवताना हमखास प्रश्न येतो: एवढा मोठा एसएमपीएस (भिंतीतली वीज संगणकाला चालेल अशी करून देणारा डबा) लावला तर बिल वाढेल ना? नाही वाढत. डब्यावरचे वॅट ही त्याची कमाल क्षमता आहे, रोजचा खप नाही. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसवली म्हणून घरातलं पाणी जास्त खर्च होत नाही, तसंच हे.

आता हिशेब. आरटीएक्स ३०९० कार्डाला ३५० वॅट लागतात. दोन कार्डांचे ७००. प्रोसेसरचे १५०, बाकीचे १०० धरा. झाले ९५०. पण ही कार्डं क्षणभर बरीच जास्त वीज ओढतात आणि हजाराचा डबा नेमका तेव्हा बंद पडू शकतो. म्हणून १२०० घ्यावा; एप्रिल-मेच्या उन्हात तर घ्यावाच.

डब्यावरचा ‘गोल्ड’ शिक्का कार्यक्षमतेचा (किती वीज उष्णतेत वाया जात नाही याचा). गरज पडली तर १२०० चा गोल्ड डबा संगणकाला पूर्ण १२०० देतो. तेव्हा भिंतीतून मात्र साधारण १३३० ओढतो. २३० व्होल्टला हे जवळजवळ ६ अँपिअर होतात. साध्या लहान सॉकेटची मर्यादाही तेवढीच!

कार्डाच्या प्रत्येक आठ-पिनी जोडणीला डब्यातून स्वतंत्र केबल द्या, संगणकाला १६ अँपिअरचा सॉकेट द्या आणि खोलीतला कूलर त्याच स्विचबोर्डावर लावू नका.