एका फाइलीचीं दोन नांवें

हस्तलिखितांचीं छायाचित्रें संगणकावर ठेवणाऱ्या संग्राहकांस एक अडचण वारंवार येते. संग्रहास नवे क्रमांक पडले, म्हणून फाइलींचीं नांवें बदललीं, कीं जुन्या नांवांवर बेतलेली सूची त्याच क्षणीं आंधळी होते. शिवाय 'रुमाल ४१, कागद १७' असे उल्लेख पूर्वींच छापून गेलेले असतात. ते आतां कोण बदलणार?

कित्येक जण फाइलीची दुसरी प्रत करून ठेवतात. हा उपाय आम्हांस घातक वाटतो. एका प्रतींत आडवें पान सरळ केलें, दुसरींत तें राहून गेलें, म्हणजे अस्सल कोणती हा वाद यंत्रांतही सुरू झाला. कागदांपुरता तो आपणांस पुरेसा आहे.

प्रत न करितां दुसरें नांव देतां येतें. युनिक्स प्रणालीच्या १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेंतच ही सोय आढळते. तीस हार्ड लिंक म्हणतात. तींत दोन्ही नांवें सारख्याच मानाचीं. एक पुसलें तरी मजकूर राहतो. मात्र दोन्ही एकाच डिस्कविभागांत असावीं लागतात, आणि कांहीं आज्ञावल्या दुरुस्ती जतन करतांना नवीच फाइल लिहितात, त्यामुळें नांवांची नकळत फारकत होते. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तींत सिंबॉलिक लिंक आली. ती केवळ मूळ जागा सांगणारी चिठ्ठी. मूळ फाइल हलविली कीं चिठ्ठी फुकट. तरीही मूळ कोणतें हें तींत स्पष्ट राहतें, म्हणून आमचा कौल तिलाच. दुरुस्ती मात्र मूळ नांवानेंच करावी.

लिनक्सवर 'एलएन -एस' या आज्ञेपुढें आधीं मूळ नांव व मग पर्यायी नांव लिहावें. विंडोजच्या 'एमकेलिंक'चा क्रम नेमका उलट. विंडोजचा शॉर्टकट येथें चालत नाहीं. माणसास तो उपयोगी. सूचीची आज्ञावली बहुधा शॉर्टकटलाच छायाचित्र समजून अडते.

मराठी नांवांत आणखी एक खांच आहे. 'कऱ्हाड' यांतील ऱ युनिकोडांत एका संकेतानेंही लिहितां येतो, र व नुक्ता जोडूनही. डोळ्यांस दोन्ही एकच, लिनक्सला तीं दोन भिन्न नांवें. पोथी समोर दिसत असून सूची ती नाहीं म्हणते. अशा वेळीं दुसऱ्या लेखनाचें पर्यायी नांव देऊन ठेवावें.

एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर अशा लिंका टिकत नाहींत. संग्रह दुसऱ्यास देतांना जुन्या-नव्या नांवांची साधी यादी सोबत द्यावी.